अकरा नंबरचा फोटो

गेल्या वर्षी श्रावणात मी एका माणसाच्या उजव्या हाताला खोटं ठरवलं, आणि तेही लेखी. माझ्या तपासणीच्या तक्त्यात अकरा नंबरच्या फोटोपुढे मी लिहिलं, 'हात यंत्राने बनवलेला दिसतो. बोटं तीन. वापरू नये.' खाली माझी आद्याक्षरं. हे लिहायला अर्धं मिनिट लागलं असेल. निस्तरायला सात महिने लागले, आणि त्यांतले सहा महिने मी निस्तरायला गेलोच नव्हतो.

तुमच्या कामाविषयी लिहा, असं या अंकाच्या संपादकांनी सुचवलं तेव्हा मी दुसरंच काही लिहायला घेतलं होतं. पंधरा-सोळा वर्षांत गमती बऱ्याच जमल्या आहेत. पण पान अर्धं भरलं की तो हात मध्ये यायचा. मग पान बाजूला ठेवावं लागे. शेवटी म्हटलं, आधी त्याचंच लिहू.

माझं काम लोकांना चटकन कळत नाही. चिंचवड स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस आहे. भोसरी, तळवडे, चाकणकडच्या कारखान्यांच्या वेबसाइट आम्ही बनवतो. म्हणजे बनवतात बाकीचे. त्यांवर जी चित्रं लागतात, फोटो, आकृत्या, नकाशे, ती बारीक बारीक चिन्हं, ती लावण्याआधी मी तपासतो. आई होती तोवर शेजारणींना सांगायची, "तो कंप्युटरवर फोटो बघतो." शेजारणी विचारायच्या, "दिवसभर?" आई म्हणायची, "आठ तास. वर पगार देतात."

चित्रात बघायचं काय असतं? पहिलं म्हणजे वजन. फोटोला वजन असतं. चाकणजवळ कुरुळीत खोली घेऊन राहणारा कामगार जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर नोकरीचं पान उघडतो, आणि वरचा हिरव्या डोंगराचा फोटो उतरता उतरता त्याची सुट्टी संपते. असा फोटो कितीही देखणा असला तरी मी तो परत पाठवतो. मग अक्षरं. चित्रावर लिहिलेली अक्षरं उन्हात उभं राहून वाचता येतात का, हे मी गच्चीवर जाऊन बघतो. आणि शेवटी, चित्र जे दाखवतं ते तसं असतं का.

हे शेवटचं मला एका मास्तरांनी शिकवलं. एका कारखान्याच्या पहिल्याच पानावर आम्ही लेथचा फोटो लावला होता. प्रकाश असा पडला होता की लोखंड ओलं वाटावं. मी त्याला पैकीच्या पैकी गुण दिले. चौथ्या दिवशी आयटीआयमधून निवृत्त झालेल्या एका मास्तरांचा फोन आला.

"साहेब, चकात चावी तशीच राहिलीय."

लेथच्या ज्या फिरत्या जबड्यात काम पकडतात तो चक, आणि तो आवळायची चावी त्याच्यातच खोचलेली होती. मशीन सुरू केलं की ती सुटते आणि समोरच्याच्या छातीत बसते. माझे वडील टर्नर होते. मला हे दिसायला हवं होतं.

"पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगायचो," मास्तर म्हणाले. "तीस वर्षं. तुम्ही एका फोटोत पुसलंत."

"फोटो काढून टाकतो, सर."

"फोटो राहू द्या. चावी काढा."

दुसऱ्या एक बाई. भोसरीच्या एका कंपनीत टेलिफोनवर बसायच्या. त्यांना दिसत नाही. त्यांचा मोबाइल पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवतो, आणि चित्र आलं की त्याच्यामागे आम्ही जे वर्णन लिहून ठेवलेलं असतं ते बोलतो. त्यांनी एकदा फोन करून विचारलं, "तुमच्या साइटवर बारा ठिकाणी 'आनंदी कामगार' आहेत. मोजले मी. ते करतायत काय पण?" त्या दिवसापासून ती वर्णनं मी स्वतः लिहू लागलो. डावीकडच्या खिडकीतून ऊन येतंय, बाकावर बुशच्या पितळी कड्या ओळीने मांडल्यात, मागे कुणीतरी पाठमोरं उभं आहे. आमच्या ऑफिसात फोटो काढणारी सायली म्हणायची, "सर, खिडकी पुरे. उन्हापर्यंत जाऊ नका."

मला मात्र ते आवडायचं. या कामात माणूस हळूहळू पाण्याखाली गेल्यासारखा होतो. खाली रिक्षा, भाजीवाले, स्टेशनवरची घोषणा, सगळं वरच्या वर राहतं. एकामागून एक फोटो येतात आणि जातात. दुपारी डोळे मिटले तरी पापण्यांच्या आत ते सरकत राहतात. रिकामे मांडव, धुतलेले ट्रक, कुणाच्या तरी टेबलावरचा पाण्याचा ग्लास. पाहिलेली ठिकाणं आणि तपासलेली ठिकाणं यांची माझ्या डोक्यात सरमिसळ झाली आहे. एखाद्या शेडमध्ये मी गेलो होतो की तिचा फोटो नापास केला होता, हे मला आता नक्की सांगता येत नाही.

मग गेल्या दोन-तीन वर्षांत अशी चित्रं यायला लागली जी कुणी काढलीच नव्हती. संगणकाला दोन ओळी लिहून दिल्या की तो चित्र करून देतो. या चित्रांतल्या कामगारांच्या चेहऱ्यावर उजेड असतो, पण खिडकी कुठेच नसते. हेल्मेटवर जी अक्षरं असतात ती कुठल्याच भाषेतली नसतात. सगळे जण आत्ताच जागे झाल्यासारखे बघत असतात. आमच्या गिऱ्हाइकांना अशी चित्रं नको होती. आपल्या कारखान्याच्या नावाखाली नसलेली माणसं कोण दाखवील? ती ओळखून बाजूला काढायचं काम माझ्याकडे आलं.

ओळखायची खूण म्हणजे हात. यंत्राला तेव्हा हात नीट जमत नव्हते. सहा बोटं, चार बोटं, अंगठ्याच्या जागी करंगळी. मी आधी हात बघायचो, मग चेहरा. यात मी इतका तरबेज झालो की ऑफिसात मला 'बोटं मोजणारे काका' म्हणू लागले. मला त्याचा अभिमान वाटायचा, खोटं कशाला सांगू. दुकानदार सुट्टे देत असला तरी मी त्याची बोटं मोजायचो. एक स्वप्न तर नेहमीचं झालं होतं. सकाळच्या धुक्यातून कंपन्यांच्या बस चालल्या आहेत, प्रत्येक खिडकीतून एक हात बाहेर आला आहे आणि मी रस्त्याच्या कडेला उभा राहून मोजतो आहे. कुठेतरी आकडा चुकतो आणि मी पुन्हा पहिल्या बसपासून सुरू करतो.

अशा दिवसांत बाळासाहेब आले. मूळचे कुरुळीचेच. जमिनीतली बरीचशी कंपन्यांना गेली, उरलेल्या तुकड्यावर त्यांनी स्वतः प्रेस शॉप टाकलं. पत्रा कापायची, वाकवायची, त्याला भोकं पाडायची मशीनं. खुर्चीच्या कडेवर बसून ते म्हणाले, "आमी काय लई शिकल्यालो न्हाई. पर वेबसाइट पायजे. मोठ्या कंपनीची मानसं यायच्या आधी मोबाइलवर बगत्यात, हितं कामगाराला जपत्यात का न्हाई. आमी जपतो. ते दिसाया पायजे."

सायली दोन दिवस जाऊन फोटो काढून आली. ती सोलापूरची, मारुंजीत तिघी मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहते. फोटो माझ्याकडे देऊन ती भावाच्या साखरपुड्याला गावी गेली. चाळीस फोटो होते. त्यांतला अकरावा असा होता. मागे अंधार, आणि त्यातून पुढे आलेला एक उजवा हात, तळवा समोर. निळी बाही मनगटापर्यंत. अंगठा, करंगळी आणि करंगळीशेजारचं बोट. अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापाशीच संपलेली, गोल आणि गुळगुळीत. कडेने ऊन.

मला आठवतं, मी क्षणभर थबकलो होतो. तो हात मला थांब म्हणत होता असं वाटलं. पण इतकं नीटस तुटणं कुठे असतं? इतकं सुंदर ऊन प्रेस शॉपमध्ये कुठून येणार? शंका असेल तर फोटो काढणाऱ्याला फोन करायचा, असा आमचा नियम आहे, तो मीच घातलेला. पण मला शंकाच नव्हती. मी तक्त्यात ते लिहिलं, आणि सुरक्षिततेच्या पानावर विकत मिळणारा एक फोटो लावायला सांगितला. पांढऱ्या रबरी मोज्यातला, पाच बोटांचा, छान हात.

सायली परत आली ती साखरपुड्याचे लाडू घेऊनच माझ्या टेबलापाशी.

"सर, अकरा नंबर कुठे गेला?"

"तो खोटा होता. मशीनने केलेला."

"कोण खोटा?"

"हात गं. तीनच बोटं होती त्याला."

लाडवांचा डबा तिने टेबलावर ठेवला. "सर, मी त्या हातात हात दिलाय. युसूफभाईंचा आहे तो. दोन बोटं गेलीत त्यांची, प्रेसखाली."

मी तक्ता उघडला.

"मी मशीनचा फोटो आणून माझा म्हणून दिला असं तुम्ही लिहिलंत, ते राहू द्या," ती म्हणाली. "त्यांना काय सांगू ते सांगा."

मग तिने मला सगळं सांगितलं. युसूफभाई उदगीरकडचे. तरुणपणी दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये बोटं गेली, तरी प्रेसचंच काम करत राहिले. आता बाळासाहेबांकडे सेटर आहेत, म्हणजे पत्र्याला आकार देणारा साचा, डाय, मशीनमध्ये बसवून, जुळवून देतात. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी एकदम दाबली तरच मशीन खाली येतं, म्हणजे एकही हात आत राहू शकत नाही. पण कामाचा वेग वाढवायला कामगार एका बटणात लाकडाचा तुकडा ठोकून ते कायमचं दाबून ठेवतात आणि मोकळ्या हाताने पत्रा सरकवतात. म्हणून दर सोमवारी सकाळी शिफ्ट सुरू होण्याआधी युसूफभाई नव्या लोकांसमोर उभे राहायचे आणि उजवा हात वर करून एवढंच म्हणायचे, "हे बघा. मी बटण अडकवलं होतं."

एरवी तो हात ते कुणाला दाखवत नसत. मुलीच्या लग्नाच्या अल्बममध्येही तो शालीखाली आहे. सायलीने फोटोचं विचारलं तेव्हा त्यांनी एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले आणि म्हणाले, "घ्या. पण दिसलं पाहिजे नीट." मग दोघे जण शेडच्या दाराशी ऊन येईपर्यंत उभे राहिले.

साइट सायली गावी असतानाच सुरू झाली होती, आणि पुढचं तिला शेडमधून फोनवर कळलं होतं. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत बाळासाहेबांच्या मोबाइलभोवती कामगारांची सगळी लाइन जमली होती. युसूफभाई पुढे. पान उघडलं आणि रबरी मोज्यातला हात आला. मागून कुणीतरी म्हणालं, "भाई, मुबारक हो. उंगलियां वापस आ गईं." सगळे हसले. तेही हसले म्हणे. पुढच्या सोमवारी त्यांनी हात वर केला नाही. बाळासाहेबांना म्हणाले, "साइटवर चांगला हात आहे आता. तोच दाखवा."

सायली गेल्यावर मी तो फोटो पुन्हा उघडला. लहानपणी आमचं घर बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत होतं. तिथे प्रेसवर काम करणारे चार-पाच जण तरी होते. कुणाचं अर्धं बोट नव्हतं, कुणाची दोन. त्यांच्या हाताकडे बघायचं नाही, असं आम्हाला घरात शिकवलं होतं. वडील कडक होते त्याबाबत. तो त्या गल्लीचा रिवाज होता, सभ्यपणाचा. पाणी द्यायचं ते तोंडाकडे बघून. मी तो इतका पाळला की असा हात आयुष्यात एकदाही सरळ बघितला नाही. जेव्हा बघायची वेळ आली तेव्हा मला तो ओळखू आला नाही.

पुढचे सहा महिने मी काय केलं ते लिहायला नको वाटतं, पण लिहितो. अकरा नंबरचा फोटो दुसऱ्याच दिवशी साइटवर लावला, कुणाला न सांगता. तक्त्यातली ती ओळ पुसून टाकली. बाळासाहेबांना ईमेल केला की तांत्रिक कारणाने चित्रात बदल झाला होता. तांत्रिक कारण म्हणजे मी. युसूफभाईंना सायलीबरोबर निरोप पाठवला. ती म्हणाली, "सर, निरोप म्हणजे माफी असते का?" पण तिने तो पोचवला. उत्तर आलं नाही. मी फोटोचं वर्णन लिहायला बसायचो, भोसरीच्या त्या टेलिफोनवाल्या बाईंच्या मोबाइलने वाचावं असं, आणि 'उजवा हात' याच्यापुढे मला जाता यायचं नाही. स्वप्नातल्या बसही थांबल्या. रस्ता तसाच असायचा, धुकं असायचं, गाड्या येत नसत.

शिमग्याच्या आधी बाळासाहेबांचा फोन आला.

"साहेब, काल दोघांच्या बटनात लाकडं घातल्याली घावली. नवी मानसं हायेत. युसूफभाई बोलनाच झाल्यात. तुमी काय बोल्ला व्हता का त्यांना?"

"व्हय," मी म्हणालो. माझ्या तोंडून तो शब्द तसाच आला. "मी येतो."

मोशीवरून बस कुरुळीकडे जाते. इंद्रायणीवर त्या दिवशी उशिरापर्यंत धुकं रेंगाळलं होतं, आणि नव्या मोटारी वाहून नेणारे ते लांबलचक ट्रक त्यातून एकेक करून निघत होते. खिडकीला डोकं टेकवून मी अर्धवट झोपलो. हे सगळं मी आधी तपासलंय, असं वाटत राहिलं. शेडजवळ उतरलो तेव्हा प्रेसचा ठोका कानांच्या आधी तळपायांना लागला.

युसूफभाई एका मशीनमध्ये डाय बसवत होते. लहान चणीचा माणूस, पांढरे खुंट, चष्म्याला दोरी. मी नाव सांगितलं. त्यांनी हात पुसले आणि मला दाराशी घेऊन आले. चहा डाव्या हाताने दिला.

"फोटो खोटा म्हणणारा मीच," मी म्हणालो.

"सायली बेटीनं सांगितलंय." ते माझ्याकडे बघत होते. "किती वेळ बघितला होता तुम्ही?"

"अर्धं मिनिट."

"पुष्कळ झालं की. लोक तेवढं पण बघत नाहीत."

मी खाली बघितलं. त्यांनी उजवा हात गुडघ्यावर ठेवला होता, उघडा.

"एक सांगू का साहेब? तुम्ही नको म्हणालात त्याचं मला काय नाही. नवीन नवीन मलाच हा खोटा वाटायचा. दोन वर्षं. सकाळी उठलो की वाटायचं, स्वप्न पडलं असेल. शर्टाची बटणं लावायला जायचो त्याच बोटांनी. नसलेल्या बोटांना खाज सुटायची. कशीबशी सवय करून घेतली की बाबा, हेच खरं आहे. मग ह्या पोरांसमोर वर धरायला लागलो, तेव्हा कुठं तो माझा वाटायला लागला." त्यांनी बोटं मिटली. "तुम्ही परत तिथंच नेऊन सोडलंत मला."

शेडमधून ठोके येत होते. मी म्हणालो, "युसूफभाई, माझं चुकलं. मला..."

"इथं नको," ते म्हणाले. "इथं आपण दोघंच आहोत. मोबाइलभोवती सगळी लाइन होती त्या दिवशी. सोमवारी या, सकाळी आठला. मी काय बोलणार नाही. तुम्ही बोला. मग बघू पुढं."

शनिवार-रविवार मी कागदावर लिहून काढलं. चांगलं लिहिलं होतं. सोमवारी शेडमध्ये उभा राहिलो तेव्हा मशीनं बंद होती, वरच्या पत्र्यांतून उजेडाच्या पट्ट्या खाली आल्या होत्या आणि त्यांत धूळ तरंगत होती. समोर वीस-बावीस माणसं. निम्मी बिहारची, ओडिशाची. माझा मराठी कागद त्यांच्या उपयोगाचा नव्हता. बाळासाहेब बाजूला टोपी हातात घेऊन उभे होते. युसूफभाई माझ्या शेजारी, हात मागे बांधून. मी कागदाची घडी केली आणि माझ्या मोडक्या हिंदीत बोललो. ते मराठीत असं होतं:

"वेबसाइटवरचे फोटो तपासायचं काम माझं आहे. तुमच्या साइटवर यांच्या हाताच्या जागी मोज्यातला हात आला, तो माझ्यामुळे. मी यांचा फोटो बघितला आणि मशीनने बनवलाय असं लिहिलं. कुणाला विचारलं नाही. फोन समोरच होता. चूक कळल्यावर मी गुपचूप फोटो बदलला आणि गप्प बसलो. तुम्ही त्या दिवशी हसलात, त्यात तुमची चूक नाही, हसण्यासारखं मी करून ठेवलं होतं. त्यानंतर यांनी तुम्हाला सांगणं बंद केलं, आणि तुमच्यातल्या दोघांच्या बटणात लाकडं सापडली. त्या दोघांना काही झालं असतं तर त्याचं पाप माझ्याकडेही आलं असतं. प्रेस कामगारांच्या गल्लीत मी लहानाचा मोठा झालो. असे हात रोज माझ्या समोर होते. मी बघितले नाहीत. युसूफभाई, तुमचा हात मी खोटा म्हणालो, आणि ते सांगायला सहा महिने आलो नाही. या दोन्हींबद्दल मला माफ करा."